लकव्यानंतरचे घर : पुनर्वसनाचे संशोधन बाजेपासून मोरीपर्यंत कसे पोहोचवावे?

बोरीकाठ

अमळनेर तालुक्यातील आमच्या गावी माझ्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, अंगावरून वारे गेले त्याला आता साडेतीन महिने होत आले आहेत. वय 66, आयुष्यभर कोरडवाहू कापसाची शेती, आणि रक्तदाबाची गोळी अधूनमधून विसरण्याची सवय. उजवा हात आणि पाय दुर्बल झाला आणि बोलणे जवळजवळ थांबले. नवव्या दिवशी रुग्णालयातून घरी सोडताना औषधांची चिठ्ठी आणि "व्यायाम करून घेत जा" एवढे एक वाक्य मिळाले. कोणता व्यायाम, किती वेळा आणि कोणी करून घ्यायचा, हे विचारायला मी परत आत गेलो तोवर पुढचा रुग्ण खुर्चीत बसलेला होता.

आज ते काठी घेऊन बाजेपासून ओट्यापर्यंत येतात. महिन्यापूर्वीच्या तपासणीत त्यांना कुठल्याशा मापनपट्टीवर 100 पैकी 75 गुण मिळाले आणि सगळ्यांनी समाधान व्यक्त केले. मला मात्र ते 75 गुण घरात कुठे दिसत नाहीत. आप्पा कोणाच्या पंगतीला बसत नाहीत. मोरीतून उठताना माझ्या पत्नीचा हात धरावा लागतो याची त्यांना इतकी लाज वाटते की त्यांनी अंघोळ दिवसाआड करायला सुरुवात केली आहे. ओट्यावर कोणी आले की ते उठून आत जातात. त्यांना हवे आहे ते त्यांनी बोट दाखवून सांगितले, आणि ते म्हणजे मारुतीच्या देवळापुढचा पार. आमच्या दारापासून तो 140 पावलांवर आहे. मी मोजून पाहिले.

रुग्ण जगला की नाही आणि हात किती अंश वर गेला, यापलीकडे जाऊन माणसाचे रोजचे जगणे कसे सावरते, याचा अभ्यास कोणी केला आहे का, आणि केला असेल तर त्यातले आमच्यासारख्या घरात काय वापरता येईल, हे या क्षेत्रातील सदस्यांनी सांगावे अशी विनंती आहे. तेले, जडीबुटी आणि अमुक गावचा लकवा उतरवणारा माणूस यांची आमच्याकडची यादी आधीच दोन पानांची झाली आहे, त्यामुळे तीत भर घालू नये.

पांझरातीर

मी धुळ्यात 11 वर्षे फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो. तुम्ही सांगितलेले 75 गुण बहुधा बार्थेल निर्देशांकाचे असावेत. फ्लोरेन्स महोनी आणि डोरोथिया बार्थेल यांनी तो 1965 मध्ये अमेरिकेतील मेरीलँड राज्यात प्रसिद्ध केला आणि आजही तो जगभर वापरला जातो. त्यात दहा बाबी आहेत. पलंगावरून खुर्चीत जाण्याला 15 गुण, सपाटीवर चालण्याला 15, जिना चढण्याला 10, जेवण्याला 10, आणि अंघोळीला अवघे 5. आता आपल्या घराकडे पाहा. जमिनीवरून उठणे, उकिडवे बसणे, मांडी घालून ताटावर बसणे, उंबरा ओलांडणे, यांपैकी एकाही गोष्टीला त्या यादीत जागा नाही. आप्पांना सर्वांत जास्त खुपणारी गोष्ट 100 पैकी 5 गुणांची असेल, तर 75 गुण खरे असूनही घरात दिसणार नाहीत, आणि तसे का होते हे तुम्ही बरोबर ओळखले आहे. मापनपट्टी खोटी नाही. ती पलंग-खुर्चीच्या घरासाठी तयार झाली आहे इतकेच.

आता संशोधनाविषयी. आमच्याकडे येणारे नातेवाईक दोन समजुती घेऊन येतात. पहिली अशी की जितके लवकर आणि जितके जास्त, तितके चांगले. 2015 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या ॲव्हर्ट या चाचणीत 5 देशांतील 56 लकवा-कक्षांमधील 2104 रुग्ण होते. त्यात पहिल्या 24 तासांतच वारंवार आणि दीर्घकाळ उठवून चालवलेल्या गटापैकी 46 टक्के रुग्ण तीन महिन्यांनी चांगल्या स्थितीत होते, तर नेहमीच्या पद्धतीने उपचार झालेल्या गटात हे प्रमाण 50 टक्के होते. म्हणजे पहिल्या दिवसाची घाई अंगलट आली. तुमच्यासाठी तो टप्पा मागे पडला आहे, पण उद्या गावात दुसऱ्या कोणाला लकवा झाला तर हे लक्षात असू द्यावे.

दुसरी समजूत तुमच्या कामाची आहे, कारण मोठ्या शहरातील यंत्राशिवाय माणूस चालणार नाही असे तुम्हालाही कोणीतरी सांगितले असेलच. अमेरिकेत पमेला डंकन यांच्या गटाने 408 रुग्णांवर केलेल्या चाचणीचे निष्कर्ष 2011 मध्ये प्रसिद्ध झाले. काहींना पट्ट्यांनी शरीराचा भार उचलून धरणाऱ्या ट्रेडमिलवर चालवले गेले आणि काहींकडून फिजिओथेरपिस्टने घरी जाऊन बळ आणि तोल वाढवणारे व्यायाम करून घेतले, आठवड्यातून 3 वेळा, प्रत्येकी 90 मिनिटे, 12 ते 16 आठवडे. वर्षाच्या शेवटी सर्व गट मिळून 52 टक्के रुग्णांची चालण्याची क्षमता वरच्या टप्प्यात गेली होती, आणि यंत्राचा गट घरच्या गटापेक्षा सरस ठरला नाही. शेत विकून यंत्राच्या गावी जाण्याआधी एवढे वाचावे, असे मी प्रत्येक कुटुंबाला सांगतो. मात्र घरच्या गटाकडेही प्रशिक्षित माणूस येत होता आणि तो दीड तास थांबत होता, हे सांगायचे मी टाळत नाही.

मात्रा, म्हणजे हालचाल किती वेळा झाली, हा या सगळ्याचा गाभा आहे. कॅथरीन लँग यांच्या गटाने 2009 मध्ये प्रत्यक्ष उपचारांची सत्रे बसून मोजली, तेव्हा एका सत्रात दुर्बल हाताने केलेल्या उपयोगी हालचालींची सरासरी 32 निघाली. प्राण्यांवरील ज्या प्रयोगांत मेंदूतील बदल दिसले, त्यांत एकाच बैठकीत अशा शेकडो हालचाली होत्या. आमच्याकडे पंधरा मिनिटांचे सत्र आणि बाहेर रांग, अशा वेळी 32 तरी होतात का, याचे उत्तर मला इथे द्यायला संकोच वाटतो.

तूर्त एक गोष्ट आजच बदलावी. बाजेवरून उठण्याचा सराव थांबवा. बाज मध्ये झोळासारखी खचते, गुडघे कमरेच्या वर जातात, आणि धडधाकट माणसालाही तिच्यावरून उठायला जोर लागतो. भिंतीला टेकवलेली, हात असलेली, घट्ट लाकडी खुर्ची घ्या, जिच्यावर बसल्यावर पाय पूर्ण जमिनीवर टेकतील. तिच्यावरून उठ-बस, आधी पाच, मग दहा, दिवसातून चार वेळा, सकाळी ऊन तापण्याआधी. उठवताना उजवा हात धरून कधीही ओढू नये. लकव्याने सैल पडलेला खांदा ओढल्याने निखळल्यासारखा होतो आणि नंतर महिनोन्‌महिने दुखतो. मदत कमरेला धरून करावी.

कापूसवेचणी

धागा वाचून राहवले नाही म्हणून लिहीत आहे. मी पारोळ्याकडची. माझ्या सासऱ्यांना दोन वर्षांपूर्वी लकवा झाला. संशोधनात, माहितीपत्रकांत आणि डॉक्टरांच्या बोलण्यात "कुटुंबीयांनी करून घ्यावे" असे म्हटलेले असते. आमच्या घरात कुटुंबीय या शब्दाचा अर्थ सून असा होता. सकाळी पाण्याचा नळ, डबे, गुरांचे, मग त्यांची अंघोळ, मग उठ-बस, मग वेचणीला जाणे, आणि संध्याकाळी पुन्हा त्यांचा पाय. दिवसातून चार वेळा असे लिहिणाऱ्या पांझरातीर यांना मी दोष देत नाही, परंतु ते चार वेळा कोणाच्या दिवसातून कापून घ्यायचे, हे कोणी लिहीत नाही.

दुसरी गोष्ट लाजेची. सासऱ्याला सुनेने अंघोळ घालणे हे दोघांनाही अवघड असते. तेही डोळे मिटून घेत आणि मीही. बोरीकाठ, आप्पा दिवसाआड अंघोळ करतात ती पाण्याच्या भीतीने नव्हे. तुमच्या पत्नीला एकदा वेगळे विचारून पाहा. आणि शक्य असेल तर अंघोळीची वेळ तुम्ही स्वतः घ्या.

बोरीकाठ

ताई, तुमचे वाक्य वाचून मी पत्नीला विचारले. उत्तर येथे लिहिण्यासारखे नाही, परंतु उद्यापासून अंघोळीची वेळ माझी आहे.

अनेरपार

मी मूळची शिरपूरची, आता पुण्यात ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. आमच्या शाखेला मराठीत व्यवसायोपचार म्हणतात, आणि त्या शब्दामुळे आम्ही नोकरी लावून देतो असा गैरसमज आजही होतो. अंघोळ, कपडे, जेवण, स्वयंपाक, शेतातले काम, पारावर बसणे, असे माणूस दिवसभर ज्यात गुंतलेला असतो ते सर्व आमच्या लेखी व्यवसाय. या शाखेची भारतातील सुरुवात मुंबईची आहे: कमला निंबकर यांनी 1950 मध्ये के. ई. एम. रुग्णालयात तिचे पहिले विद्यालय सुरू केले. पंचाहत्तर वर्षांनंतरही जिल्ह्याच्या ठिकाणी ही शाखा ठाऊक नसते, याचे मला वाईट वाटते.

कापूसवेचणी ताईंनी जे लिहिले, त्याचा पुरावा आकड्यांत आहे आणि तो आपल्याच देशातला आहे. अटेंड ही चाचणी भारतातील 14 रुग्णालयांत झाली आणि 2017 मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झाली. लुधियानाचे डॉ. जयराज पांडियन तिच्या प्रमुख संशोधकांपैकी एक होते. 1250 रुग्ण घेऊन निम्म्यांच्या घरातील एका माणसाला रुग्णालयातच प्रशिक्षण दिले गेले, आणि घरी गेल्यावर दोन महिन्यांपर्यंत त्याला मार्गदर्शन मिळत राहिले. कल्पना आकर्षक होती, कारण आपल्याकडे थेरपिस्ट कमी आणि माणसे घरात भरपूर. सहा महिन्यांनंतर मृत्यू किंवा परावलंबन यांचे प्रमाण दोन्ही गटांत 47 टक्के, म्हणजे अगदी सारखे निघाले. ब्रिटनमध्येही तसेच घडले. लंडनमधील 300 रुग्णांच्या एका चाचणीत 2004 मध्ये काळजी घेणाऱ्यांना शिकवण्याचा लाभ दिसला होता. तोच उपक्रम 36 कक्ष आणि 928 रुग्णांवर नेला, तेव्हा 2013 मध्ये तो लाभ नाहीसा झालेला आढळला.

यातून "घरच्यांनी काही करू नये" असा अर्थ काढणे चूक होईल. या चाचण्यांत दोन्ही गटांना नेहमीचे उपचार मिळतच होते आणि दोन्ही गटांत घरची माणसे राबतच होती. माझा अर्थ असा, की तज्ज्ञाचे काम घरच्यांच्या डोक्यावर टाकून तज्ज्ञाची जागा भरून निघत नाही. घरच्यांनी थेरपिस्ट होण्यापेक्षा आम्ही घर पाहून घरातली कामे सोपी करून द्यावीत, हे जास्त उपयोगी आहे. केवळ रोजच्या स्वतःच्या कामांवर भर देणाऱ्या व्यवसायोपचाराच्या चाचण्या एकत्र करून केलेल्या आढाव्यात, म्हणजे 9 चाचण्या आणि 1258 रुग्ण, अशा रुग्णांची कामे करण्याची क्षमता घसरण्याचा धोका कमी झाल्याचे दिसले आहे. फरक डोळे दिपवणारा नाही, पण मोरीतून स्वतः उठता येणे आणि न येणे यांतला असू शकतो.

आप्पांच्या पंगतीबद्दल माझा एक अंदाज आहे. उजवा हात गेल्यामुळे त्यांना डाव्या हाताने जेवावे लागत असेल, आणि शौचानंतरची स्वच्छताही त्याच हाताने. परदेशी मापनपट्टीत डाव्या हाताने जेवले तरी पूर्ण 10 गुण मिळतात. आपल्या गावात मात्र त्या माणसाला चारचौघांत घास उचलणे अशक्य होते. अपंगत्व इथे हातापेक्षा डोळ्यांत, म्हणजे बघणाऱ्यांच्या डोळ्यांत जास्त असते. अशा वेळी चमचा देणे हा उपाय घरचे नाकारतात, कारण "लहान मुलासारखे वाटते". माझ्या अनुभवात चमचा सगळ्यांनीच घेतला की प्रश्न मिटतो. शेवभाजी किंवा खिचडीचा बेत असेल त्या दिवशी सगळ्यांनी चमच्याने खावे. ताटाऐवजी उभ्या काठाची पितळी घ्या, म्हणजे घास काठाला लोटून उचलता येतो, आणि तिच्याखाली ओले फडके ठेवा, म्हणजे ती सरकत नाही. कळण्याची भाकरी एका हाताने मोडत नाही. ती स्वयंपाकघरातच चुरून कालवून वाढावी, समोर बसून मोडून देऊ नये.

त्याआधी एक तपासावे. पाणी पिताना ठसका लागतो का, जेवल्यानंतर आवाज घोगरा किंवा ओलसर होतो का? तसे असेल तर गिळण्याची तपासणी वाचा-उपचारतज्ज्ञाकडून करून घ्यावी, कारण पातळ पदार्थ श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. झोपवून कधीही भरवू नये.

सातपुडा

मी धडगाव भागात आरोग्याच्या कामाशी संबंधित आहे. वरची चर्चा मोलाची आहे, परंतु तीत प्रत्येक वाक्यामागे एक रस्ता गृहीत धरलेला आहे. आमच्याकडे रुग्ण पाड्यावरून डांबरी सडकेपर्यंत अजूनही झोळीत येतो. त्याला आठवड्यातून तीन वेळा धुळ्याला कोण नेणार आणि पुण्याचा थेरपिस्ट त्याचे घर कधी पाहणार?

जागतिक आरोग्य संघटनेच्या सहभागाने झालेल्या मोजणीनुसार 2019 मध्ये जगातील सुमारे 240 कोटी लोकांना पुनर्वसनाचा उपयोग होईल असा काही ना काही आजार होता. हा आकडा पाहिला की हे काम केवळ तज्ज्ञांच्या हातून होणार नाही हे उघड आहे. अटेंडच्या संशोधकांनीच आपल्या निबंधाच्या शेवटी सुचवले आहे की काम कुटुंबाकडे सरकवण्याऐवजी आरोग्य साहाय्यकांकडे किंवा गावपातळीवरील पथकाकडे सोपवून पाहावे. आमच्या आशाताईंकडे आधीच किती नोंदवह्या आहेत हे मला माहीत असल्याने, हे कामही त्यांच्याच माथी विनामोबदला मारू नये, एवढे मी आताच नोंदवून ठेवतो. पण दोन आठवड्यांचे नीट प्रशिक्षण आणि त्याचा वेगळा मोबदला घेऊन घरोघरी जाणारा माणूस असेल, तर तो रोज दोन पाडे करू शकतो.

आणि साधनांबद्दल. 1968 च्या सुमारास जयपूरला रामचंद्र शर्मा या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी रबराचा पाय घडवला. तो जगभर गेला, कारण त्यावर उकिडवे बसता येते, मांडी घालता येते, अनवाणी चिखलात उतरता येते. परदेशी पाय बुटाशिवाय निरुपयोगी होता. आधी दिवस पाहिला, मग पाय केला. लकव्याच्या बाबतीत आपल्याकडे तेवढा विचार अजून झालेला दिसत नाही.

पांझरातीर

सातपुडा यांचे म्हणणे मान्य आहे. फक्त एक दुरुस्ती सुचवतो. दोन आठवड्यांत प्रशिक्षित झालेल्या माणसाने काय करू नये हे आधी शिकवले पाहिजे. ओढून बिघडवलेले खांदे आणि जोराने वाकवलेली बोटे मी रोज पाहतो, आणि ते करणारी माणसे प्रेमानेच करत असतात.

केळीबाग

मी रावेरचा केळी उत्पादक असून चौदा महिन्यांपूर्वी मला हृदयविकाराचा झटका आला. लकव्याइतके माझे हाल झाले नाहीत, म्हणून लिहू की नको असा विचार करत होतो. माझी अडचण वेगळी होती: अंग धडधाकट आणि मन धास्तावलेले. विहिरीची पायरी चढताना छातीवर हात जाई. घरच्यांनी तर पाण्याचा तांब्यासुद्धा उचलू दिला नाही, आणि सहा महिन्यांत मी खरोखरच आजारी दिसू लागलो.

माझ्या मुलाने योगा-केअर या भारतीय चाचणीची माहिती काढली. 24 केंद्रांत 3959 रुग्ण होते आणि निष्कर्ष 2020 मध्ये आले. तीन महिन्यांत 13 सत्रे योगाधारित पुनर्वसनाची. पुन्हा झटका येणे किंवा मृत्यू यांत ठाम फरक सिद्ध झाला नाही, परंतु रुग्णांनी स्वतः सांगितलेली प्रकृती आणि झटक्यापूर्वीच्या कामांकडे परतण्याचे प्रमाण सुधारले. डॉक्टरांनी हे वाचून "म्हणजे फारसा उपयोग नाही" असे म्हटले. मला उलट वाटते, कारण मी बागेत परत जाईन का, हाच माझा प्रश्न होता. डॉक्टरांच्या सल्ल्याने टप्प्याटप्प्याने चालणे वाढवले. आता बागेत पूर्ण फेरी होते. घड मात्र उचलत नाही, ते माणसांकडून उचलून घेतो.

वाघूर

केळीबाग यांनी लिहिल्यामुळे मलाही धीर आला. माझी आई न्यूमोनियाने अतिदक्षता विभागात बारा दिवस कृत्रिम श्वासावर होती. घरी आल्यावर सगळे म्हणाले, वाचली. पण तिला भाजीत मीठ दोनदा पडे, रात्री यंत्राचा आवाज ऐकू येई, आणि अंबाडा घालायला हात वर जात नसे. ती आळशी झाली असे आम्ही समजत होतो. अशक्तपणा, विस्मरण आणि भीती यांच्या या जुडग्याला 2010 पासून अतिदक्षतेनंतरचा लक्षणसमूह असे नावच आहे, हे आम्हाला वर्षभराने कळले.

2009 मधील 104 रुग्णांच्या एका चाचणीत एका गटाकडून श्वासयंत्रावर असतानाच, रोज गुंगी थांबवून, बसणे, दात घासणे, केस विंचरणे अशी कामे करून घेतली गेली. त्या गटातील 59 टक्के रुग्ण घरी जाताना स्वतःची कामे स्वतः करत होते, तर दुसऱ्या गटात 35 टक्के. नंतर 2022 मध्ये 750 रुग्णांवर झालेल्या चाचणीत मात्र चालवण्या-उठवण्याची मात्रा आणखी वाढवून लाभ झाला नाही आणि अपाय वाढले. दोन्ही एकत्र वाचल्यावर माझ्या मनात आईच्या अंबाड्याचाच विचार येतो. त्या पहिल्या चाचणीत रुग्णांकडून केस विंचरून घेतले होते.

बोरीकाठ

सर्वांचे आभार. खुर्ची आली, पितळी आली, ठसका लागत नाही. पंगतीबाबत अनेरपार ताईंचा अंदाज अक्षरशः खरा होता. आता दोन शंका आहेत. एक, एका नातेवाइकाने सांगितले की चांगला हात बांधून ठेवला तर वाईट हात सुरू होतो. हे खरे आहे का? दोन, बोलणे. तालुक्याच्या ठिकाणी एका ठिकाणी चित्रे दाखवून "हे काय आहे?" असे विचारले, तेव्हा आप्पांना एकही शब्द आला नाही आणि "शून्य" असे लिहिले गेले. घरी मात्र ते आजीच्या फोटोकडे पाहून "माय" म्हणतात, तहान लागली की "पानी दे" म्हणतात, आणि संध्याकाळी हरिपाठ लागला की ओळीच्या ओळी सोबत म्हणतात. हे कसे?

अनेरपार

हात बांधण्याच्या उपचारामागे खरे संशोधन आहे. एडवर्ड टॉब या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी दाखवले की दुर्बल हात वापरून अपयश येत गेले की मेंदू तो हात न वापरण्याचेच शिकतो. 2006 मधील एक्साइट चाचणीत लकव्यानंतर 3 ते 9 महिने झालेल्या 222 रुग्णांपैकी एका गटाच्या चांगल्या हातावर दोन आठवडे जागेपणीचा 90 टक्के वेळ जाड मोजा चढवला होता, आणि रोज काही तास दुर्बल हाताने कामे करून घेतली होती. त्या गटात झालेली सुधारणा नंतर दोन वर्षांपर्यंत टिकली. सहा महिन्यांनंतर काही होत नाही असे म्हणणाऱ्यांना मी हीच चाचणी दाखवते. परंतु तीत फक्त मनगट आणि बोटे थोडी तरी उघडणारे रुग्ण घेतले होते. आप्पांची बोटे उघडत नसतील तर डावा हात बांधणे म्हणजे त्यांचा उरलेला हातही काढून घेणे होय. घरी कोणीही ते करू नये. उजव्या हाताला सध्या साथीदाराचे काम द्या: पितळी धरणे, टॉवेल दाबून ठेवणे.

बोलण्याबाबत, "शून्य" हा निष्कर्ष मला मान्य नाही. पाठ असलेले शब्द, आकडे, आरत्या, ओव्या यांचा मार्ग मेंदूत नव्याने जुळवून बोलण्याच्या मार्गापेक्षा वेगळा असतो आणि पुष्कळदा तो वाचलेला असतो. 1973 पासून चालीवर शब्द म्हणवून घेण्याची उपचारपद्धती याच गोष्टीवर उभी आहे. त्याहून साधी बाब अशी की आप्पा आयुष्यभर अहिराणीत बोलले आणि परीक्षा प्रमाण मराठीत झाली. ज्या भाषेत माणूस रागावतो, हसतो आणि बैलाला हाक मारतो, त्याच भाषेत त्याची वाचा तपासायला हवी. पुढच्या वेळी सोबत जाऊन सांगा, की प्रश्न अहिराणीतून विचारा, नाहीतर मी विचारतो. हरिपाठ चालू ठेवा. एखाद्या ओळीच्या शेवटच्या शब्दापूर्वी थांबा आणि तो शब्द त्यांना पुरा करू द्या. दुरुस्ती करू नका, वाट पाहा. दहा सेकंद म्हणजे आपल्याला फार वाटतात.

आणि पाराचे विसरू नका. नॉटिंगहॅममध्ये पिप लोगन यांनी 168 रुग्णांवर एक छोटा अभ्यास केला होता. थेरपिस्टने घरी जाऊन रुग्णाला घराबाहेर पडायचे ठिकाण निवडायला लावले आणि सोबत जाऊन तो रस्ता शिकवला. चार महिन्यांनी त्या गटाचे महिन्यातील बाहेरच्या फेऱ्यांचे मध्यक (म्हणजे क्रमाने लावल्यावर मधला आकडा) 37 होते, दुसऱ्याचे 14. पुढे मोठ्या चाचणीत जीवनमानाच्या गुणांत फरक दिसला नाही, हेही सांगितले पाहिजे. तरीही पद्धत वापरण्यासारखी आहे: 140 पावले एकदम नकोत, मध्ये बसायला जागा शोधा.

कापूसवेचणी

आमच्या सासऱ्यांसाठी शेजारच्या काकूंनी त्यांच्या ओट्यापुढे एक खुर्ची कायमची ठेवली होती. मागावे लागते, पण लोक देतात.

बोरीकाठ

सात आठवड्यांनी लिहीत आहे. अंघोळ रोज होते. मोरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीऐवजी वजनदार लोखंडी स्टूल ठेवले, कारण प्लॅस्टिकची खुर्ची ओल्या फरशीवर सरकली आणि एकदा आम्ही दोघेही घसरलो, सुदैवाने मी खाली होतो. डाव्या हाताला भिंतीत लोखंडी दांडी बसवली. गवंड्याने ती आधी उजवीकडे बसवली होती, ती काढायला लावली. पत्नी आता संध्याकाळी एक तास भजनी मंडळात जाते. त्या तासात मी घरी असतो, यावर गावात थोडी चर्चा झाली.

पितळीतले जेवण सगळ्यांसोबत होते. चमचा आप्पांनी आठ दिवस वापरला आणि मग एका रात्री बाजूला ठेवून डाव्या हाताने घास घेतला. कोणी काही बोलले नाही.

बोलण्यात "माय", "पानी", "नही" आणि माझ्या धाकट्या मुलीचे नाव एवढे शब्द आहेत. अहिराणीतून पुन्हा तपासणी झाली तेव्हा शून्याऐवजी काही गुण मिळाले. किती, ते मी विचारले नाही.

चालणे 80 पावलांपर्यंत आले आहे. तिथे एका शेजाऱ्यांनी लिंबाखाली बाकडे टाकले आहे, बाज नव्हे, हे त्यांना आवर्जून सांगावे लागले. आप्पा सकाळी सहाला तिथे जाऊन बसतात, कारण आठनंतर ऊन सोसत नाही. पारावरची दोन माणसे आता उठून त्या बाकड्यावर येतात. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बहिणी माहेरी येतील तोवर पारापर्यंत जायचे असा त्यांचा बेत दिसतो. अडचण एकच उरली आहे. पाराला दोन उंच पायऱ्या आहेत आणि आधाराला काहीही नाही. त्या कशा चढायच्या?

पांझरातीर

चढताना चांगला पाय आधी, म्हणजे डावा. मग काठी आणि उजवा पाय एकत्र. उतरताना याच्या उलट, आधी काठी आणि उजवा पाय, मग डावा. तुम्ही चढताना त्यांच्या मागे आणि उतरताना त्यांच्या पुढे, नेहमी उजव्या बाजूला, हात कमरेच्या पट्ट्यावर. आधी घरातल्या उंबऱ्यावर आठ दिवस सराव करा. पायऱ्यांची उंची वीतभरापेक्षा जास्त असेल तर मध्ये एक घट्ट, न डुलणारी फरशी किंवा दगड बसवून घ्या. मारुतीच्या पाराला हात लावायचा म्हणजे गावाला विचारावे लागेल, तेवढे मात्र तुम्हीच करा.